तिबिलिसीहून वरच्या मजल्यावर

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर ओट्यावर माझी स्टीलची वाटी उपडी ठेवलेली होती. घासून लख्ख केलेली. मी ती उचलली, आत पाहिलं, ओट्यावर पाहिलं, आणि मग उगाचच पुन्हा आत पाहिलं. काही नव्हतं. साखर नाही, गुळाचा खडा नाही, चार शेंगदाणेसुद्धा नाहीत. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर टाकतात, पण रिकामं देत नाहीत. हे कुणी शिकवत नाही. चपला दाराबाहेर काढायच्या हे जसं शिकवावं लागत नाही तसंच. वरच्या मजल्यावरच्या साक्षीला हे चांगलं माहीत होतं. ती आणि तिचा नवरा धम्मानंद माझ्याकडे भाड्यानं राहायला आले त्या पहिल्या वर्षी माझी कितीतरी भांडी वर गेली आणि खाली येताना बोरं, शेंगा, गूळ असं काहीतरी घेऊन आली. आणि आज ही वाटी. रविवारी ते घर सोडून जाणार होते. बायपासच्या बाजूला त्यांनी स्वतःचं घर बांधलं होतं, बांधून झालं होतं, रंगसुद्धा लागला होता. मला आनंदच होता. तरी वाटी हातात घेऊन मी दूधवाल्याची वाट बघत तिथंच उभा राहिलो आणि दूधवाला येऊन पातेलं मागायला लागला तेव्हा त्याच्यासमोर वाटीच धरली. "काका, एवढंच?" तो म्हणाला. मी आत जाऊन पातेलं आणलं.

चहा ठेवला आणि स्वतःला समजावू लागलो. सामान बांधायची गडबड असेल. डबे खोक्यात गेले असतील, साखर कुठं आहे हे तिलाच सापडत नसेल. साक्षी शाळेत शिकवते, सकाळची शाळा असते, जाता जाता वाटी ठेवून गेली असेल. एवढ्याशा गोष्टीचा एवढा विचार करणं हे माझं जुनंच आहे, आणि आता तर वेळही भरपूर असतो. माझी बायको शिला असती तर तिनं वाटी मांडणीवर ठेवली असती आणि म्हणाली असती, पुस्तकात घाला डोकं, वाटीत नको. पण शिला असती तर वाटी रिकामी आलीच नसती, असंही वाटून गेलं. का, ते चटकन कळलं नाही. चहा उतू गेला.

शिला माझी दुभाषी होती. हे ती गेल्यानंतर पाच-सहा वर्षांनी लक्षात आलं, आणि तेही परदेशात. मला लहानपणापासून कुणी काही देऊ केलं की तोंडातून आधी 'नको' निघतं. लाजेनं निघतं. समोरच्यानं पुन्हा म्हणावं, मग मी पुन्हा नको म्हणावं, मग त्यानं ताटात टाकावंच, आणि मग मी खाली मान घालून खावं, अशी ती रीत. बहुतेकांची असते, पण बहुतेक लोक तिसऱ्यांदा तरी हो म्हणतात. मला तेही जमायचं नाही. कुणाच्या घरी पंगतीला बसलो की शिला पलीकडून वाढणारीला सांगायची, "त्यांचं ऐकू नका हो, वाढा तुम्ही." त्यावर सगळ्या बायका हसायच्या आणि ताटात जिलेबी पडायची. जन्मभर माझं 'नको' तिनं लोकांना उलटं करून सांगितलं. मी बाजार समितीत कारकून होतो. मोंढ्यात हळदीचे भाव ओरडणारी माणसं, हळकुंड मोडून आतला रंग बघणारी माणसं, सगळी घसा काढून बोलणारी, आणि त्यांच्यात मी. चहावाला विचारायचासुद्धा नाही, पेला पुढ्यात ठेवून निघून जायचा. त्यामुळे 'नको' म्हणून मी कधी उपाशी राहिलो असं झालंच नाही. गावच तसं होतं.

अपवाद एकच. मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी संध्याकाळी, साक्षी खीर घेऊन खाली आली होती. झाकलेलं भांडं, वर क्रोशाचा रुमाल. नवी साडी नेसली होती. "काका, खीर आणली," ती म्हणाली. मी खुर्चीतून उठलो, हातातलं पुस्तक खाली पडलं, ते उचलू की भांडं घेऊ हे कळेना, आणि तोंडातून निघून गेलं, "नको नको, उगाच कशाला तकलीफ." आता ती म्हणणार होती, तकलीफ कसली काका, घ्या. मी पुन्हा नको म्हणणार होतो, थोड्या हळू आवाजात. मी पुस्तक उचलून सरळ उभा राहिलो तर ती माझ्याकडे बघत होती. रागावलेली नव्हती. कुणी पत्ता विचारावा आणि आपल्याला तो माहीत नसावा, तेव्हा विचारणारा जसा मान हलवतो, तशी तिनं मान हलवली. "बरं काका," म्हणाली आणि जिना चढून वर गेली. मी दारात उभा. वेलदोड्याचा वास खोलीत राहिला होता. मला खीर फार आवडते. त्या रात्री मला वाटलं की मुलगी जरा घाईत असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच वाटलं. त्यानंतर भांडी वर-खाली जायची बंद झाली, आणि मी त्याचा संबंध उन्हाळ्याशी, शाळेच्या सुट्टीशी, धम्मानंदच्या एसटी डेपोतल्या ड्यूटीशी, कशाकशाशी लावला.

ऑक्टोबरात मी जॉर्जियाला गेलो. आमच्या वाचनालयातली प्रवासवर्णनं वाचून संपली होती, काही तर दोनदा, आणि त्यातले लेखक इतक्या सहज अनोळखी माणसांशी बोलायचे की मला त्यांचा हेवाही वाटायचा आणि संशयही यायचा. मुलगी देवश्री पुण्याहून म्हणत होती, बाबा, चांगली टूर आहे, सोबत माणसं असतील, जेवण आपलं असेल. तिला मी नको म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा मनापासून म्हणालो, आणि तिला ते खरं वाटेना. "बाबा, लाजू नका हो, मी बुक करते." एकटं जायचंय, मी म्हणालो. हॉस्टेलात राहायचंय. मग जावई आला फोनवर, आणि जावयाला तर मी काहीच नको म्हणू शकत नाही, पण सुदैवानं त्यानं विचारलं एवढंच, की कोणत्या देशात. मी म्हणालो, जॉर्जिया. का, ते मलाही सांगता आलं नसतं. नकाशात दोन समुद्रांच्या मधे, डोंगरात, कुणाच्या अध्यात ना मध्यात असल्यासारखा दिसतो तो देश.

तिबिलिसीतल्या त्या हॉस्टेलच्या काउंटरवर एक मुलगी होती. तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून इंग्रजीत विचारलं, तुम्हाला खालचा पलंग देऊ का? मी म्हणालो, नको नको, कुठलाही चालेल. तिनं हसून वरचा दिला. लोखंडी शिडी होती, पायाला गार लागायची आणि प्रत्येक पायरीला वेगळा आवाज करायची. पायजमा सावरत मी वर चढलो तेव्हा खाली झोपलेल्या कुणीतरी उशी डोक्यावर घेतली. वर चढून बसलो तर छत इतकं जवळ की मान वाकवून बसावं लागे. तिथं मान वाकवून बसून मी घरून आणलेले शंकरपाळे खाल्ले, आवाज होऊ नये म्हणून तोंडात भिजवून भिजवून. मला हसू येत होतं. सत्तरीला आलेला माणूस, हिंगोलीहून एवढ्या लांब येऊन, शाळेच्या सहलीतल्या पोरासारखा चोरून खातोय. भीतीही वाटत होती. पण वाईट नव्हतं वाटत. खिडकीतून समोरच्या घराचा लाकडी सज्जा दिसायचा, त्यावर द्राक्षाचा वेल चढलेला, आणि वेलाखाली दोरीवर कुणाचातरी बनियन. माणसं सगळीकडे बनियन वाळत घालतात हे बघून फार बरं वाटलं.

स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. फ्रीजमध्ये प्रत्येकाच्या डब्यावर नावाची चिठ्ठी. माझ्या खालच्या पलंगावर हॉलंडची फेमके नावाची मुलगी होती, उंच, केस अगदी बारीक कापलेले, सायकलवर देश बघत निघालेली. तिनं मोठ्या पातेल्यात भाज्यांचं सूप केलं. मी कोपऱ्यात बसून गरम पाण्यात चहाची पुडी बुडवत होतो. तिनं विचारलं, थोडं देऊ? मी म्हणालो, नको नको, थँक यू. ती म्हणाली, ओके, आणि जेवायला बसली. बस्स. मी वाट बघितली. वाट बघताना माणूस कसा बसतो ते मला माहीत आहे, जरा पुढे झुकून, नजर भलतीकडे. ती सूप पीत राहिली, मधूनच माझ्याकडे बघून छान हसत राहिली. उरलेलं सूप डब्यात भरलं, डब्यावर नाव लिहिलं, फ्रीजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी कोरियाच्या एका मुलानं भात देऊ केला. तेच झालं. तिसऱ्यांदा, अंगणात सोंगट्यांसारखा काहीतरी डाव मांडून बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं बाकावर सरकून मला जागा करून दिली आणि मी हातानंच नको म्हणालो तर तो पुन्हा होता तिथं सरकून बसला. ही माणसं वाईट नव्हती. उलट, त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. आजवर माझ्या 'नको'वर कुणी विश्वासच ठेवला नव्हता, त्यामुळे तो ठेवला की काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. शंकरपाळे संपले.

अशा भुकेल्या पोटी मी स्टेशनजवळच्या मोठ्या बाजारात गेलो. तिथल्या दुकानांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. त्यांची अक्षरं मोड आलेल्या मटकीसारखी दिसतात, प्रत्येकाला एक शेपटी. पण बाजार वाचता येत होता. कुठं कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारताहेत, कुठं चीजच्या गोल चकत्यांची उतरंड, कुठं द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेल्या अक्रोडांच्या माळा मेणबत्त्यांसारख्या लटकताहेत. आणि एका मसाल्याच्या ढिगाशी मी थबकलो. पिवळा धमक. मोंढ्यात जन्म गेलेला माणूस, पाय आपोआप थांबले. मी चिमूट घेतली, अंगठ्यावर घासली, नाकाशी नेली. हळद नव्हती. वास गवतासारखा, थोडा कडवट, ओळखीचा, पण काही केल्या नाव आठवेना. दुकानातली बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं खालून एक पिशवी काढून उघडून दाखवली. वाळलेला झेंडू. दसऱ्याला आम्ही ज्याची तोरणं दाराला बांधतो ते फूल हे लोक कुटून भाजीत घालतात. मला इतका आनंद झाला की मी मराठीतच बोललो, "झेंडू! अहो, हा तर झेंडू!" ती म्हणाली, "जेंदू?" मी छातीवर हात ठेवून म्हणालो, हिंगोली. तीही छातीवर हात ठेवून म्हणाली, "इंगोली," आणि शेजारणीला हाक मारून तिलाही सांगितलं. त्या दोघींना काय समजलं देव जाणे. मी पुडी घेतली, अक्रोडाच्या माळा घेतल्या. भूक मात्र तशीच होती, कारण त्या बाईनं देऊ केलेला ब्रेडचा तुकडा मी नको म्हणून परत केला होता.

हॉस्टेलात लामारा नावाची बाई झाडलोट करायची. माझ्याच वयाची, काळे कपडे, गुडघे दुखत असावेत, कारण जिन्यावर कठड्याला धरून चालायची. तिला इंग्रजी येत नव्हतं. त्या दुपारी मी स्वयंपाकघरात गरम पाण्याचा पेला घेऊन बसलो होतो. तिनं मातीच्या भांड्यातून राजम्यासारखं काहीतरी वाढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मी दोन्ही हात हलवून नको म्हणालो. तिनं भांडं आणखी पुढे सरकवलं. मी मान हलवली. तिनं कमरेवर हात ठेवले आणि मोठ्यानं काहीतरी बोलायला लागली, त्यात रागही होता आणि हसूही होतं, मग ब्रेड मोडला, माझा हात धरला, हातात ब्रेड कोंबला. "चामे!" म्हणाली. "चामे, चामे!" त्या भाषेतला तेवढा एक शब्द मला येतो. खा. मी खाल्लं. वर कोथिंबीर होती आणि पिवळा झेंडू. डोळ्यात पाणी आलं ते तिखटानं आलं असं दाखवायला जागा नव्हती, तिखट नव्हतंच. लामारा समोर बसून मी किती खातो ते बघत राहिली, आणि भांडं संपत आलं की पुन्हा ओतत राहिली.

त्या रात्री वरच्या पलंगावर पडल्या पडल्या मला साक्षीची आठवण झाली. वाटलं, अरे, तिचंही असंच झालं. फेमकेसारखं. नव्या पिढीची मुलगी, शिकलेली, तिनं माझा शब्द खरा मानला. एवढंच. घरी गेलो की मिठाई देऊन टाकू, मिटून जाईल. पोट भरलेलं होतं, खालून फेमकेचा श्वास एका लयीत ऐकू येत होता, आणि हा उलगडा मला इतका पुरेसा वाटला की उरलेले दिवस मी अगदी सुखात काढले. बाकावर न विचारता जाऊन बसलो. सोंगट्यांचा डाव कळला नाही, पण कोण जिंकतंय ते कळायला लागलं. परत आल्यावर जरा उशिरानं, कारण मला सगळ्यालाच उशीर लागतो, परवा संध्याकाळी मी अक्रोडाचे तुकडे वाटीत घालून साक्षीला जिन्यातच दिले. तिनं ते घेतले. छान हसली. "कुठून आणले काका?" "जॉर्जियाहून." "बापरे," ती म्हणाली.

आणि आज वाटी रिकामी आली. फेमकेनं वाटी रिकामी दिली असती तर ती तिला माहीत नाही म्हणून. साक्षीला माहीत आहे. तिकडं गावाला, साखऱ्याला, राहणाऱ्या तिच्या सासूला, तिथल्या सगळ्या बायकांना जेवढं माहीत आहे तेवढं तिला माहीत आहे. 'नको' म्हटल्यावर आग्रह करायचा असतो हेही तिला माहीत आहे, मराठवाड्यातलीच ती. तरी त्या दिवशी तिनं आग्रह केला नाही. का केला नाही? मी चहाचं सांडलेलं पुसत होतो आणि फडका हातात तसाच राहिला. पहिल्या वर्षी वरून काय काय आलं होतं? बोरं. शेंगा. गूळ. हरभऱ्याची जुडी. सगळं कोरडं, कच्चं, आपण आपल्या घरी धुऊन घ्यावं असं. शिजवलेलं काही कधी आलं नव्हतं. वर्षभर अंदाज घेऊन, आता हरकत नसावी असं ठरवून, नवी साडी नेसून ती पहिल्यांदा शिजवलेलं घेऊन खाली आली होती. आणि मी नको म्हणालो होतो. माझं आडनाव दारावर लिहिलेलं आहे. माझ्यासारख्या घरातल्या माणसानं त्यांच्याकडचं शिजवलेलं नको म्हटलं की पुढे आग्रह करायचा नसतो, हेही कुणीतरी तिला, न शिकवता, शिकवलंच असेल.

फडका धुऊन दोरीवर टाकला. पुन्हा काढला, पुन्हा धुतला. मग पिशवी घेऊन बाहेर पडलो, काहीही आणायचं नव्हतं तरी. मंडईच्या तोंडाशी गुलाबसिंगचा चहाचा गाडा आहे. "आओ काका, फॉरेन रिटर्न!" तो म्हणाला. मी नको म्हणेपर्यंत पेला हातात आला होता. चहा पीत मी मनात वाक्य जुळवत होतो. साक्षी, तुझा गैरसमज झाला. नाही, तिचा कसला गैरसमज, चूक माझी. साक्षी, मी जातपात मानत नाही. हे तर अगदीच वाईट, असं सांगणारी माणसं मी ऐकली आहेत. साक्षी, मला खीर आवडते. आता डिसेंबरात? "किधर गुम हो गये?" गुलाबसिंग म्हणाला. "उधर से कोई ले के आये क्या मनमें?" शेजारचा भाजीवाला खोखो हसला. मी लाजलो आणि त्याला खरंच वाटलं. रविवारी ट्रक येणार, सामान जाणार, निघताना साक्षी खाली येऊन पाया पडणार, चांगल्या वळणाची मुलगी आहे, आणि बायपासच्या त्या नव्या घरात कधी विषय निघालाच तर माझ्याविषयी म्हणणार, माणूस चांगला होता, पण. त्या 'पण'च्या पुढे ती काही बोलणारसुद्धा नाही. धम्मानंदला समजेल. मला तो 'पण' सहन होईना.

घरी आलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. वरून फोडणीचा वास येत होता. मी कुकर काढला, तांदूळ घेतले, आणि ते तसेच ठेवले. सबंध वाक्य एकही तयार नव्हतं. कुणाकडे जाताना हातात काहीतरी घेऊन जावं म्हणून फडताळ उघडलं, झेंडूची पुडी दिसली, फडताळ बंद केलं. आणि जिना चढायला लागलो. हा जिना मीच बांधून घेतला आहे. ते राहायला आल्यापासून एकदाही चढलो नव्हतो, भांडीसुद्धा खालच्या पायरीवरूनच द्यायचो. वाटायचं, भाडेकरूच्या घरात घरमालकानं डोकावू नये. वरच्या पायरीवर दम लागला. दार उघडंच होतं.

खोक्यांच्या मधे जमिनीवर धम्मानंदची आई, जनकाबाई, मांडीशी सूप घेऊन तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. साखऱ्याहून मुलाचं घर हलवायला आली असणार. साक्षी शाळेच्या साडीतच ओट्याशी भाकरी थापत होती. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. साक्षीचा हात परातीत थांबला.

"काय झालं काका? पाणी नाही का आलं खाली?"

"मला भूक लागली आहे," मी म्हणालो.

हे वाक्य मी आयुष्यात कुणाला म्हणालो नव्हतो. शिलाला नाही, आईला तरी म्हणालो असेन की नाही, आठवत नाही. खोलीत तव्यावरच्या भाकरीचा वास होता. साक्षीनं सासूकडे पाहिलं.

"गॅस संपला का तुमचा?" जनकाबाई म्हणाली.

"नाही. गॅस आहे."

"मंग?"

"वास आला वरून."

"वास तर रोजच येत असंल की." तिनं एक शेंग मोडली, दाणे सुपात पाडले, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आमच्या हातचं चालतं व्हय तुमाला?"

"आई," साक्षी म्हणाली.

"इचारू दे की. नंतर कायले बोल घ्या."

मला बोलायचं होतं. सकाळपासून जुळवलेलं काहीच आठवेना. मला गेलं वर्षभर पित्ताचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी मिरची बंद केली आहे, त्या क्षणी डोक्यात तेवढंच शिल्लक उरलं. मी विचारलं, "तिखट किती आहे?"

जनकाबाईनं मान वर केली. माझ्याकडे नीट पाहिलं, पायांपासून चष्म्यापर्यंत. मग तिचे खांदे हलायला लागले. हसता हसता सुपातले दाणे फरशीवर सांडले. "तिखट किती हाय म्हणे! अगं, इचार करून राहिले ते तिखटाचा! अन् मी येडी…" साक्षीनं पिठाचा हात तोंडावर धरला, गालाला पीठ लागलं. मी चपला कुठं काढू ते बघत होतो.

"बसा," जनकाबाई म्हणाली. "ते खोकं सरकवा तिकडं. पाट गेला बांधून, असंच बसा. कवापासून राहून राहिले हे लोकं तुमच्या डोक्यावर, अन् आज भूक लागली?"

"मी जॉर्जियाला गेलो होतो."

"ते ठाऊक हाय. तिथं जाता येतं तुमाला. अन् इथं वर यायला कोणता परवाना लागत होता?"

मी बसलो. साक्षीनं ताट वाढलं. तुरीच्या सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकरी, कांदा. ठेचा तिनं माझ्या ताटापासून लांब ठेवला. आमटी लसणाची, दाट, हिरवट, आणि तिखट होती, चांगलीच होती, नाकातून पाणी आलं. मी खात होतो आणि खाली मान घालून खात होतो. खाता खाता मे महिन्याचं सांगावं असं दोनदा मनात आलं. "त्या दिवशी…" एवढं म्हणालोही. साक्षी म्हणाली, "राहू द्या काका. गार होईल." तिला समजलं होतं की नाही, मला अजून सांगता येणार नाही. मला लोकांच्या चेहऱ्यावरचं नेमकं वाचता येत नाही. जनकाबाई साखऱ्याच्या तुरीबद्दल, यंदा शेंगेत पोसलेल्या दाण्याबद्दल, नव्या घरातल्या ओट्याबद्दल, जो साक्षीच्या उंचीला उंच झाला आहे, बोलत होती. धम्मानंदची दुपारची ड्यूटी होती. तो जेवून गेला होता, त्याचं ताट मोरीत दिसत होतं. खिडकीतून माझंच अंगण दिसत होतं, वरून ते इतकं छोटं आणि नीटनेटकं दिसतं हे मला माहीत नव्हतं. दोरीवर माझा फडका वाळत होता.

भाकरी संपली. साक्षी तव्यावरची गरम भाकरी उलथन्यावर घेऊन माझ्या ताटाशी आली. "अजून एक?"

"नको, नको," मी म्हणालो.

ऐकलं तेव्हा कळलं की मीच म्हणालो. मला जीभ चावावीशी वाटली. साक्षी भाकरी धरून तशीच उभी. साक्षी माझ्याकडे बघत होती, अगदी त्या संध्याकाळसारखं, आणि मी ताटाकडे. वर बघायचं धैर्य होत नव्हतं. भाकरीची वाफ माझ्या चष्म्यावर चढली आणि मला ताटही दिसेनासं झालं.

"नको कसं," साक्षी म्हणाली. तिचा आवाज आधी जरासा अडखळला, मग शाळेतल्या पोरांना दटावतात तसा झाला. "एका भाकरीत काय होतं काका? गपचूप खा बरं." आणि ताटात भाकरी पडली, तिच्यावर, मी हात आडवा घालायच्या आत, पळीभर आमटी.